आमची वाटचाल: दोन लेथ आणि दोन बुश

आमच्या धंद्यात बुश म्हणजे फिरत्या शाफ्टवर बसणारं गनमेटलचं कडं. झिजायचं ते यानं, शाफ्टनं नाही. रबाळे एमआयडीसीतल्या भाड्याच्या गाळ्यात दोन जुन्या लेथवर मी आणि माझ्या भागीदारानं सुरुवात केली ती या बुशांवरच. 1974 मध्ये ‘सागर सम्राट’ला, म्हणजे समुद्रात तेलासाठी ड्रिलिंग करणाऱ्या रिगला, मुंबईजवळच्या समुद्रात मुंबई हायमध्ये तेल लागलं. पुढे समुद्रातली कामं वाढली, त्यातली किरकोळ दुरुस्ती आमच्यासारख्यांपर्यंत पोहोचली. बिल निघेपर्यंत घरचं सोनं बँकेत असायचं, एवढं सांगितलं तरी पुरे.

ह्यूस्टनच्या ऑफशोअर, म्हणजे समुद्रातल्या तेलकामाच्या, प्रदर्शनाला गेलो, तेव्हा दुसऱ्या बुशची गोष्ट कळली. थोरले जॉर्ज बुश. 1948 ला टेक्सासात आले, ओडेसाला एका यंत्रविक्रीच्या कंपनीत गोदाम झाडण्यापासून सुरुवात. 1953 ला मिडलंडमध्ये भागीदारांबरोबर ‘झपाटा पेट्रोलियम’ ही तेलाची कंपनी, लगेच समुद्रातल्या ड्रिलिंगची वेगळी कंपनी. लटर्नो नावाच्या कारखानदारानं तीन पायांवर उभी राहणारी रिग बांधून द्यायची तयारी दाखवली. बुशनी काही आगाऊ रक्कम आणि कंपनीचे शेअर देऊन ती घेतली. 1956 पासून ‘स्कॉर्पियन’ कामाला लागली. मोटर, पिनियन म्हणजे दातेरी चाक, रॅक म्हणजे पायावरची दातेरी पट्टी. पाय तळाला टेकवायचे आणि अख्खा तराफा पाण्याबाहेर उचलायचा. (मला तिचे पिनियनचे बुश बघायचे होते. फोटोत दिसत नाहीत.) 1965 च्या बेट्सी वादळात त्यांची ‘मॅव्हरिक’ रिग नाहीशीच झाली. स्वतः विमानातून शोधायला गेले, खाली नुसतं पाणी.

सिनेटची निवडणूक ते 1964 ला हरले होते. 1966 ला पुन्हा उभे राहताना मात्र कंपनी सोडली, शेअर विकले आणि अमेरिकेच्या संसदेत, प्रतिनिधिगृहावर निवडून आले. 1989 ला राष्ट्राध्यक्ष.

हे मी भागीदाराला ऐकवलं, कारण त्याला नगरसेवकपदाचं तिकीट मिळालं होतं आणि आमच्या गाळ्याचं प्रचार कार्यालय झालं होतं. लेथवर पत्रकांचे गठ्ठे. एक ऑर्डर त्यात चुकली.

“अरे, त्याच्याकडे विकायला शेअर होते,” तो म्हणाला. “माझ्याकडे अर्धा गाळा.”

“तोच मला वीक.”

महिनाभर बोलला नाही. मग विकला, हप्त्यांनी. निवडणूक हरला. आता संध्याकाळी चहाला येतो आणि कुणी न सांगता व्हर्नियर उचलून तयार बुशांची मापं घेत बसतो.