३० मिमी प्रकरण: गुन्हेगार दोन निघाले

दुर्बिणीच्या नव्या ३० मिमी आयपीसमधून (डोळा लावायच्या भिंगातून) तारे टोकदार दिसत नव्हते, तो गुंता सुटला. निदान अर्धा तरी सुटला. उरलेल्या अर्ध्याचं काय करायचं हे लिहायला बसेपर्यंत पक्कं होतं, आता नाही. ते पुढे येईलच.

मागची नोंद वाचलेल्यांना पार्श्वभूमी ठाऊक आहे: आठ इंची डॉब (साध्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण), फोकल लेंग्थ १२०० मिमी, एफ/५.९ (फोकल लेंग्थ भागिले आरशाचा व्यास), आणि त्यात नवा दोन इंची, ८० अंशांचा ३० मिमी आयपीस. कागदावर सगळं जमत होतं. ४० पट पॉवर, जवळपास दोन अंशांचं क्षेत्र, ५.१ मिमी एक्झिट प्युपिल (आयपीसमधून डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशझोताची जाडी), म्हणजे तेजोमेघ उठावदार करणाऱ्या ओ-थ्री फिल्टरला हवी तशी. प्रत्यक्षात कडेचे तारे म्हणजे लहान मुलं चित्रात डोंगरामागे काढतात ते पक्षी! कडेचं एक वेळ चालवून घेतलं असतं. पण अगदी मधोमध आणलेला तारासुद्धा टोकदार होईना. फोकसच्या अलीकडे उभी रेघ, पलीकडे आडवी, आणि मध्ये जिथे ठिपका असायला हवा तिथे बारीक क्रॉस. अस्टिग्मॅटिझमची, म्हणजे दोन दिशांचा फोकस वेगवेगळा पडण्याच्या दोषाची, याहून स्पष्ट सही नाही. प्रश्न एवढाच, की सही कुणाची?

संशयित चार: मुख्य आरसा, तिरका आरसा, आयपीस आणि डोळा. माझ्याकडे ट्रॅकिंग (ताऱ्यामागे दुर्बीण आपोआप फिरवणारी सोय) नाही, त्यामुळे सगळ्या चाचण्या ध्रुवताऱ्यावर केल्या. तो बिचारा पळून जात नाही.

आरसे आधी सुटले. सीइंग (हवेची थरथर) शांत असलेल्या एका रात्री ५ मिमी लावून २४० पटीवर गेले. एअरी डिस्क (जास्त पटीवर ताऱ्याची दिसणारी बारीक चकती) गोल, फोकसच्या दोन्ही बाजूंना वलयं सारखीच गोल. आरशाच्या क्लिपा घट्ट बसल्या असत्या किंवा तिरका आरसा चिकटवताना ताणला गेला असता, तर हा दोष पॉवर वाढवल्यावर आणखी मोठा दिसला असता. इथे सगळं उलटं होतं. ५ मिमीला काही नाही, १५ ला किंचित, २४ ला स्पष्ट आणि ३० ला असह्य. जो दोष पॉवर उतरवल्यावर वाढतो तो एक्झिट प्युपिलच्या मागे मागे चालत असतो, म्हणजे आरशाचा नव्हे, आयपीसचा किंवा डोळ्याचा असतो, हे इथल्या जुन्या मंडळींना सांगायला नको.

मग फोकसरचा (आयपीस धरून पुढेमागे करणाऱ्या नळीचा) स्क्रू सैल करून आयपीस जागच्या जागी फिरवला. मधला क्रॉस हलला नाही. आयपीस तसाच ठेवून मान तिरकी केली. क्रॉस मानेबरोबर फिरला! पुन्हा केलं, पुन्हा फिरला. डावा डोळा लावला तर तारा जवळजवळ गोल. म्हणजे मधल्या क्रॉसचा मालक माझा उजवा डोळा, मामला संपला, असं वाटून मी आरामात कडेला नजर टाकली. तिथले पक्षी मानेला अजिबात दाद देत नव्हते. डावा डोळा लावला तरी तेच, मान उलटी केली तरी तेच, सगळ्यांचे पंख केंद्राच्या हिशेबाने मांडलेले. इथून पुढे डोकं फिरायला लागलं, कारण एकाच चित्रात दोन वेगवेगळे दोष एकमेकांवर बसले होते, आणि जो उपाय करावा तो एकाला लागू पडे, दुसऱ्याला नाही.

एका मित्राने कोमा करेक्टर दिला. कोमा म्हणजे आरशामुळे कडेच्या ताऱ्यांना फुटणारी शेपटी. एफ/५.९ ला केंद्रापासून ०.९५ अंशावर कोमाची शेपटी साधारण १८ आर्कसेकंद लांब असते. ४० पट केली की डोळ्याला ती १२ आर्कमिनिटांची दिसते, म्हणजे दुर्लक्ष करण्याइतकी छोटी नाही. करेक्टर लावल्यावर कडेच्या ताऱ्यांची बाहेरच्या बाजूची शेपटी गेलीही. पंख मात्र शाबूत. कोमा गेल्यामुळे उलट ते जास्त उठून दिसायला लागले.

मग त्याचाच दोन इंची बार्लो (पॉवर दुप्पट करणारं भिंग) लावला, आणि काय सांगू, मधला क्रॉसही गेला आणि कडेचे पक्षीही! पाच मिनिटं मी खुशीत होते. नंतर लक्षात आलं की बार्लोने एका फटक्यात दोन गोष्टी बदलल्या आहेत. प्रकाशाचा शंकू एफ/१२ च्या जवळ गेला, म्हणून आयपीसवरचा ताण उतरला; आणि एक्झिट प्युपिल निम्मी झाली, म्हणून डोळ्याचा दोष झाकला गेला. दोन्ही गुन्हेगार एकाच वेळी घराबाहेर, त्यामुळे कुणी काय केलं ते कळायला मार्ग नाही. एक्झिट प्युपिलवर २ मिमी भोकाचं पुठ्ठ्याचं कार्ड धरायची युक्ती बरेच जण सांगतात, तिच्यातही हाच घोटाळा आहे. ५.१ मधले २ मिमीच ठेवले की आरशाचाही फक्त ८० मिमी भाग वापरात राहतो. तारा सुधारला तर श्रेय डोळ्याला द्यायचं, आरशाला की आयपीसला? मान फिरवायची चाचणी फुकट आहे आणि खोटं बोलत नाही.

आता डोळ्याचं. उजव्या डोळ्याचा सिलिंड्रिकल नंबर (चष्म्यातला अस्टिग्मॅटिझमचा नंबर) उणे १. हिशेब सोपा आहे: सिलिंडर गुणिले एक्झिट प्युपिल. १ डायॉप्टर गुणिले ५.१ मिमी म्हणजे ०.००५१ रेडियन, म्हणजेच तारा रेघेच्या दिशेने साधारण १७ आर्कमिनिटं फासला जातो. चांगला डोळा १ आर्कमिनिटाचा तपशील ओळखतो, यावरून अंदाज करा. ५ मिमीला एक्झिट प्युपिल ०.८५ मिमी, तिथे तो फराटा ३ आर्कमिनिटांवर येऊन एअरी डिस्कच्या आत लपतो. गंमत म्हणजे डिस्कला ज्याचं नाव आहे त्या जॉर्ज बिडेल एअरीच्याच डाव्या डोळ्यात हा दोष होता. १८२५ मध्ये त्याने तो मोजून मांडला आणि सिलिंड्रिकल भिंगाने दुरुस्त करून दाखवला. म्हणजे आपल्या नाकावरचा नंबर एका खगोलवाल्याचीच देणगी आहे.

मग चष्मा घालूनच बघायचं, त्यात काय? त्यात आय रिलीफ, म्हणजे पूर्ण दृश्य दिसायला डोळा आयपीसमागे किती अंतरावर लागतो ते. खोक्यावर २० मिमी छापलंय. हा आकडा शेवटच्या काचेपासून मोजलेला असतो आणि ती काच कडेपासून चांगली ६ मिमी आत बसवलेली आहे. मोजायचं असेल तर दिवसा दुर्बीण सूर्याच्या विरुद्ध बाजूच्या उजळ आकाशाकडे करा, आयपीसमागे पातळ पांढरा कागद धरून पुढेमागे करा. प्रकाशाचं वर्तुळ जिथे सर्वांत लहान आणि रेखीव दिसेल तिथून आयकपच्या दुमडलेल्या कडेपर्यंत पट्टी लावा. माझे १४ मिमी भरले. चष्म्याची काच डोळ्यापासून १२ ते १४ मिमीवर असते, त्यात तिची जाडी. म्हणजे चष्मा आयपीसवर दाबून धरला तरी फील्ड स्टॉप (दृश्याची गोल कड) दिसत नाही. ८० अंशांचे पैसे मोजून ६० अंश बघायचे. वर रबरी आयकप खाली दुमडलेला, त्यामुळे बाजूचा उजेड थेट आत. पण मधला तारा? सुई! तिथेच ठरलं की चष्म्याची काच हवी, चष्मा नको.

टेलिव्ह्यू कंपनीचं डायॉप्ट्रिक्स, म्हणजे आयपीसवर बसवायचं सिलिंड्रिकल भिंग, नेमकं हेच करतं, पण ते त्यांच्याच काही लांब आय रिलीफच्या आयपीसवर बसतं. माझ्या आयपीसवर नाही बसत. म्हणून जुन्या चष्म्याची उजवी काच फ्रेममधून काढली. तिचा गोल (स्फेरिकल) नंबर आताच्यापेक्षा वेगळा आहे आणि त्याने काही बिघडत नाही, कारण तो फोकसर सांभाळतो: आयपीसच्या फोकल लेंग्थचा वर्ग भागिले १०००, म्हणजे ३० मिमीला एका डायॉप्टरमागे ०.९ मिमी. सिलिंडर तेवढाच आहे ना, एवढंच बघायचं. काच सिंगल व्हिजन हवी. प्रोग्रेसिव्ह काच या कामाला निरुपयोगी.

आयकप दुमडून काच वर ठेवली, दोन रबरबँडांनी आवळली आणि हळूहळू फिरवली. तारा रेघ झाला, मग गोल झाला, मग पुन्हा रेघ. त्या गोलावर थांबले आणि बराच वेळ काहीही न करता नुसती बघत राहिले.

अक्षाबद्दल, म्हणजे काच कोणत्या कोनात फिरवली त्याबद्दल, सावध राहा. तो ९० अंश चुकला तर दोष जाण्याऐवजी दुप्पट होतो. ३० अंश चुकला तर जेवढा होता तेवढाच उरतो, फक्त दिशा बदलते. ५ अंशांच्या चुकीलाही सहावा हिस्सा मागे राहतो. त्यात आपल्या डॉबला मान दर वेळी वेगळ्या कोनात वळते, त्यामुळे काच एकदा चिकटवून मोकळं होता येत नाही. नवा तारा, नवी मान, थोडं फिरवणं. बोटांना सवय होते.

मग ययाती तारकासमूहातला जुळा तारकागुच्छ. एनजीसी ८६९ आणि ८८४ एकाच क्षेत्रात, भोवती भरपूर मोकळी जागा. आधी जिथे राखाडी पूड होती तिथे आता टाचण्या आहेत. फासलेला प्रकाश एका जागी गोळा झाला की अंधुक तारे उंबरठा ओलांडून वर येतात, हे पुस्तकी वाक्य समोर घडताना बघायची मजा वेगळी. ८८४ जवळचे तांबूस महाराक्षसी तारे पहिल्यांदाच मला तांबूस दिसले, समजून घ्यावे लागले नाहीत. ओ-थ्री लावून हंस तारकासमूहातल्या ५२ सिग्नी या ताऱ्यावर गेले. एनजीसी ६९६० या तेजोमेघाचा धागा ताऱ्याच्या दोन्ही बाजूंना नीट तुटक, पीळदार दिसला. पूर्वी तो ताऱ्याच्या क्रॉसमध्येच अडकायचा.

एक तोटा: जुन्या काचेवर अँटी-रिफ्लेक्शन कोटिंग नाही. अभिजित क्षेत्रात आणला की त्याचं भूत समोरून चालत येतं.

"मग डाव्याच डोळ्याने बघ ना," असं मित्राने म्हटलंच. बघून झालं. नाक फोकसरवर आपटतं, आणि मुख्य म्हणजे तिरप्या नजरेची (अंधुक वस्तू दिसावी म्हणून तिच्या जरा बाजूला बघायची) माझी सगळी सवय उजव्या डोळ्याची आहे. उजव्या डोळ्याचा अंधबिंदू दृश्याच्या उजव्या बाजूला, म्हणून अंधुक वस्तू नाकाकडच्या बाजूला ठेवायची. डाव्याला हे उलटं. ६९६० शोधताना मी सवयीने तो बरोबर अंधबिंदूत नेऊन ठेवत होते.

आता कड. ते पंख आयपीसचे स्वतःचे आहेत. ८० अंशांचे साधे, एर्फल या जुन्या रचनेच्या वळणाचे आयपीस एफ/६ च्या शंकूला कडेला हात टेकतातच. विक्रेते "कडेपर्यंत टोकदार" असं छापतात, कोणत्या एफ-रेशोला ते छापत नाहीत. एफ/१० वाल्याला ते खरंही वाटत असेल. माझा बेत असा होता की हा विकून टाकायचा आणि ३० मिमीचाच भारीतला घ्यायचा. पण वर बार्लोबद्दल लिहिताना डोक्यात आलं: आयपीसचे रचनाकार अल नॅग्लर यांच्या रचनेत पुढे ऋण भिंगांचा गट असतो, तो जवळपास हेच करतो, शंकू आधी निवळतो आणि मग मागच्या भिंगांकडे सोपवतो. म्हणजे मला ३० मिमी हवाच आहे का? त्याच वळणाचा ८२ अंशांचा २४ मिमी घेतला तर क्षेत्र १.६ अंश, एक्झिट प्युपिल ४ मिमी, कड स्वच्छ आणि डोळ्याचा फराटाही १४ आर्कमिनिटांवर. जुळा गुच्छ आरामात बसतो. कृत्तिका मात्र कोंबाव्या लागतील, आणि ६९६० व त्याच तेजोमेघाचा दुसरा भाग ६९९२ एकत्र बघायचं स्वप्न आताही अपुरंच आहे, ते तसंच राहील. हे लिहायच्या आधी २४ यादीत नव्हता. आता आहे.

तरी आधी काच. ऑप्टिशियनकडून तिचा ऑप्टिकल सेंटर खुणावून, आयकपच्या आतल्या मापाला गोल घासून घ्यायची आहे. खोल बसवलेल्या आयलेन्सचा इथे फायदाच होतो: काच त्या खोलगट जागेतच बसेल आणि आय रिलीफ फक्त जाडीपुरता जाईल. कडेला पांढऱ्या रंगाचा ठिपका, अंधारात बोटाला लागेल असा थोडा उंचवटा.

किरकोळ: ३० मिमीच्या वजनाने क्षितिजाजवळ नळी डोकं टाकायची, मागच्या टोकाला चुंबकं चिकटवली, थांबलं. एकाच स्क्रूचा अ‍ॅडॉप्टर जड आयपीसला तिरका धरतो. कॉम्प्रेशन रिंगवाला घ्या, वाद नको. बॅरलवरची खाच मला अजूनही आवडत नाही, काढताना दर वेळी अडकते. आणि पारफोकल रिंगा (आयपीस बदलला तरी फोकस तोच राहावा म्हणून लावायच्या कड्या) सगळ्या पुन्हा लावाव्या लागणार, कारण काचेसकट फोकस ३० ला दोन मिमीहून जास्त सरकतो आणि ५ ला जवळजवळ नाहीच. ३० आणि २४ च्या रिंगा काच बसवून लावेन, बाकीच्या उघड्या डोळ्याने. १५ कुठल्या गटात टाकायचा ते ठरलेलं नाही.