बेळगावहून पोर्ट ब्लेअर: उजेड आणि बोट यांचं गणित

सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरून, पोर्ट ब्लेअरला थेट विमान नाही. बेंगळुरू किंवा हैदराबादला विमान बदलावं लागतं. दोन्ही तिकिटं एकाच पीएनआरवर काढलेली बरी. वेगवेगळी काढली आणि पहिलं विमान उशिरा आलं, तर दुसरं चुकल्याची जबाबदारी कुणी घेत नाही. शिवाय सामान मध्ये उतरवून पुन्हा चेक-इन करावं लागतं. खानापूर, निपाणी, चिकोडीकडची बरीच मंडळी रात्रीच्या रेल्वेनं बेंगळुरूला जातात आणि त्याच सकाळचं विमान धरायला बघतात. तसं करू नका. स्टेशनपासून देवनहळ्ळीचा विमानतळ पस्तीस-एक किलोमीटर आहे, सकाळच्या गर्दीत दीड तास सहज जातो आणि पोर्ट ब्लेअरची बहुतेक विमानं सकाळीच सुटतात. आदल्या दिवशी बेंगळुरूत मुक्काम करा. सप्टेंबर 2024 पासून पोर्ट ब्लेअरचं सरकारी नाव श्री विजयपुरम आहे, त्यामुळे कागदपत्रांवर हे नाव दिसलं तर गोंधळू नका. तिथे शहरात फिरायला भारतीयांना परमिट लागत नाही, मात्र मूळ ओळखपत्र प्रत्येकाजवळ हवं, लहान मुलांचंसुद्धा.

तिथे पोचल्यावर पहिली चूक होते ती घड्याळाची. घड्याळ आपलंच, पण अंदमान बेळगावच्या पूर्वेला जवळजवळ अठरा अंश रेखांशावर आहे, म्हणून सूर्य आपल्यापेक्षा सव्वा तास आधी उगवतो आणि मावळतोही. डिसेंबरात पाचच्या सुमाराला सूर्य बुडतो. इथल्यासारखं जेवून, वामकुक्षी घेऊन चारला बाहेर पडाल तर हाती काही लागत नाही. सूर्यास्तासाठी चिडिया टापू गाठायचं, तर शहरापासून पंचवीस किलोमीटरचा वळणावळणाचा रस्ता आहे. हिवाळ्यात सव्वातीनलाच निघा. उलट सकाळी सहाला लख्ख उजेड असतो, तो वाया घालवू नका.

पहिला दिवस सेल्युलर जेलला द्या. दुपारी तासभर दार बंद असतं, तेव्हा सकाळी लवकर किंवा दीडनंतर जा, आणि संध्याकाळच्या ध्वनिप्रकाश कार्यक्रमाचं तिकीट आधीच ऑनलाइन काढून ठेवा. खेळ हिंदीचा की इंग्रजीचा हे तिकीट काढतानाच बघा. हा तुरुंग 1896 ते 1906 या काळात बांधला. मूळच्या सात पाखांपैकी (विंगांपैकी) आज तीनच उभ्या आहेत. बहुतेक लोक तिसऱ्या मजल्यावर टोकाला असलेल्या सावरकरांच्या कोठडीकडे धावतात, फोटो काढतात आणि उतरतात. जरा थांबून दाराची कडी नीट पाहा. अडसर दारापाशी संपत नाही. तो बाजूच्या भिंतीत कोरलेल्या खाचेत लांबवर जातो आणि कुलूप तिथे लागतं. गजांतून हात कितीही ताणला तरी तिथवर पोचत नाही. प्रत्येक पाखेचं तोंड दुसरीच्या पाठीकडे, म्हणजे समोरच्या कोठडीतला माणूस दिसणंच नाही. आवारात कोलू, म्हणजे तेलाचा घाणा, ठेवला आहे. दिवसाला तीस पौंड खोबरेल काढायचं, हा तिथला नेम होता. मराठी माणसानं इथे दोन तास तरी काढावेतच.

दुसरा दिवस रॉस बेटाला, म्हणजे आताच्या नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीपाला. अबर्डीन जेट्टीवरून बोट सुटते. बुधवारी सहसा बंद, आणि परतीची बोट ठरलेल्या वेळेलाच धरावी लागते. शहरातली मानवशास्त्र आणि नौदलाची संग्रहालयं सोमवारी बंद असतात.

आता बोटीचं. स्वराज द्वीपाला, म्हणजे हॅवलॉकला, सरकारी आणि खासगी दोन्ही बोटी जातात. साधारण दीड ते अडीच तास लागतात. बहुतेक खासगी बोटी बंद आणि वातानुकूलित असतात, आत बसूनच जावं लागतं. ज्यांना गाडी लागते त्यांनी खालच्या मजल्यावर मधली किंवा मागची जागा घ्यावी, तिथे हेलकावे कमी बसतात. मळमळीची गोळी डॉक्टरांना विचारून आधीच घ्या, बोट हलायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही. समुद्र खवळला की सगळ्याच बोटी थांबवतात. बोटीचे पैसे परत मिळतात, विमानाचे मिळत नाहीत. म्हणून परतीच्या विमानाआधी एक पूर्ण दिवस पोर्ट ब्लेअरमध्येच राखून ठेवा. स्कूबा केलं असेल तर हा दिवस आणखीनच हवा. पाण्याच्या दाबाखाली अंगात विरघळलेला नायट्रोजन निघून जायला वेळ लागतो, तेव्हा विमानात बसण्याआधी अठरा ते चोवीस तास जाऊ द्या.

बाराटांग बेटाच्या सहलीचा मोह खूप जणांना होतो. पहाटे तीनला निघून जिरकाटांगच्या नाक्यावर रांग लावायची आणि ताफ्यातून जंगल पार करायचं. म्हातारी माणसं, लहान मुलं असतील तर वगळा. हा रस्ता जारवा या आदिवासी जमातीच्या राखीव जंगलातून जातो. ‘जारवा दाखवतो’ म्हणणाऱ्या ड्रायव्हरला तिथेच नकार द्या. फोटो काढणं, खाऊ देणं हा गुन्हा आहे, आणि ती माणसं म्हणजे प्रेक्षणीय स्थळ नव्हे.

बाजारात हिंदी चालते. अबर्डीन बाजारात एटीएम आणि इडली-डोसा भरपूर, पण हॅवलॉकला नेटवर्क दगा देतं, म्हणून रोख रक्कम जवळ ठेवा. सोबत दशम्या आणि शेंगाची चटणी न्या, कुंदा नेऊ नका, त्या दमट हवेत टिकत नाही. कुठल्याही किनाऱ्यावर मगरीची पाटी दिसली तर पाण्यात पाय घालू नका, खाऱ्या पाण्यातल्या मगरी तिथे खरोखर आहेत.

जायचं ते डिसेंबर ते एप्रिल. शाळेच्या सुट्टीत न्यायचं असेल तर एप्रिलमध्येच उरका. आंबोली-जांबोटीत पाऊस जूनमध्ये लागतो, पण अंदमानात मोसमी वारे मे महिन्यातच पोचतात आणि मग बोटींचा भरवसा राहत नाही.

परतताना विमानतळावर बॅगा तपासतात. प्रवाळाचा मेलेला तुकडासुद्धा नेता येत नाही. शिंपल्याची वस्तू घेतली असेल तर दुकानाची पावती हाताशी ठेवा. हॉटेल सोडण्याआधी मुलांचे खिसे आणि सँडलच्या पिशव्या एकदा उलट्या करून बघा.