काटा काढ, मिस्त्री

गिरगावात चाळीच्या तळमजल्यावर माझी गिटारदुरुस्तीची खोली आहे. जुलैत कामं साचतात. दमट हवेने नेक, म्हणजे गिटारच्या माना, हलतात, तारा गंजतात. अशाच एका दुपारी एक काका आले. प्लास्टिक गिटारच्या बॅगेवर, स्वतः ओलेचिंब. चेन उघडायच्या आधीच म्हणाले, "मिस्त्री, ही हलकी करता येईल का?"

आत लेस पॉल, गिब्सन कंपनीची इलेक्ट्रिक गिटार. काकांनी उभी हयात गणपतीतल्या ऑर्केस्ट्रात रिदम वाजवली, तीही दुसऱ्याच्या गिटारवर. रिटायर झाल्यावर ग्रॅच्युइटीतून ही घेतली, आणि आता वीस मिनिटांत डावा खांदा भरून येतो. मी ती सामान तोलायच्या हुकाच्या काट्याला लावली. चार किलो साडेचारशे ग्रॅम!

"आतून भोकं पाड ना. कंपनीच पाडते म्हणे."

पाडते खरी. वजन कमी करायला गिब्सनने 1980च्या दशकात ते सुरू केलं, पण वरची मेपल लाकडाची फळी चिकटवायच्या आधी. आता पाडायची तर पाठीतून पाडावी लागणार, आणि ज्या गिटारला हा माणूस रोज फडक्याने पुसतो तिला ड्रिल लावायला माझा हात धजेना.

"वाजवा बघू," म्हटलं. दोन गाण्यांनंतर त्यांनी उजवा हात उचलला. कोपराखाली लालबुंद रेघ, रबरबँड घट्ट बसल्यासारखी. लेस पॉल 1952ची. तिची पाठ सपाट आणि जिथे हात टेकतो तिथे नुसती कड. 1954मध्ये फेंडर कंपनीची स्ट्रॅट आली, तिच्यात हाताखाली आणि पोटाशी लाकूड तासलेलं असतं.

माझी भिंतीवरची त्याच घाटाची, डोक्यावर नावगाव नसलेली. मे महिन्यात घामाने चकचकीत नेकला तळवा चिकटतो, म्हणून मागची पॉलिश मी स्टील वूलने घासून काढलीय. (पिकअपवर, म्हणजे तारांखालच्या चुंबकांवर, टेप लावून घासा, नाहीतर लोखंडी भुसा त्यांना धरतो. मी एकदा शिकलोय.) ती त्यांच्या हातात दिली.

"तारा कडक आहेत रे."

बरोबर होतं. लेस पॉलची तार पावणेपंचवीस इंची, हिची साडेपंचवीस. त्याच जाडीची तार इथे जास्त ताणावी लागते. बोटांचं मत लेस पॉलला, खांद्याचं माझीला. मी तारांचा दहाचा सेट काढून नऊचा पातळ चढवला, नेकमधली सळई, ट्रस रॉड, किंचित फिरवली. मग काका चाळीस मिनिटं थांबलेच नाहीत. चहावर साय धरली.

"किती घेशील?"

"विकायची नाही, काका."

"गिरगावात सगळंच विकायचं असतं रे."

तरी नाही म्हटलं. कॅलिपरने माझी गिटार मोजली आणि बिलाच्या पाठीवर लिहून दिलं: पहिल्या फ्रेटपाशी, म्हणजे नेकवरच्या पहिल्या आडव्या पट्टीपाशी, नेकची जाडी 21 मिमी, बाराव्यापाशी 23, डोक्याजवळ तारा टेकतात त्या नटाशी रुंदी 42, वजन 3 किलो 300च्या आत. "हे दुकानातच बघा, घरी नेल्यावर बदलत नाही. तारा उंच वाटल्या, पहिल्या फ्रेटवर एफ कॉर्ड धरताना बोट दुखलं, तर ते नटाचं नि दुसऱ्या टोकाच्या ब्रिजचं दुखणं. ते मी करून देईन, त्यापायी गिटार नाकारू नका. आणि पट्टा लावून उभे राहा, डावा हात सोडा. डोकं खाली झुकलं तर ठेवून द्या. नाहीतर तो हात आयुष्यभर नेक उचलण्यातच जाईल."

कागद त्यांनी खिशात नाही, चष्म्याच्या डबीत ठेवला.

तीन आठवड्यांनी आले. बॅगेतून पोपटी रंगाची, जुनी, कुणा कॉलेजातल्या पोराची असावी अशी गिटार निघाली. वर अर्धवट खरवडलेला स्टिकर. मी काही बोलणार तोच काकांनी हात वर केला.

"रंगाकडे बघू नकोस. काटा काढ."

तीन किलो दोनशे.