मायला घेऊन शेगाव: एक मुक्काम कराच

तूर घरात आली आणि माय म्हणाली, "आता तरी गजानन महाराजाले पाहू दे बाप्पा." तिचे गुडघे दुखतात, म्हणून यष्टीऐवजी मूर्तिजापूरहून पॅसेंजर धरली. अकोला, पारस, नागझरी आणि मग शेगाव. मुंबई-हावडा मार्गावरचं स्टेशन असल्याने बऱ्याच गाड्या थांबतात.

स्टेशनाबाहेर एकाने "भक्त निवास फुल आहे" सांगून आम्हाला एका लॉजवर नेलं. खोलीत ओल, संडासात पाणी नाही, वर पैसे आगाऊ. अर्ध्या तासात परत निघालो. मंदिर संस्थानच्या भक्त निवासात गेलो तर खोली होती! तेव्हा असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, संस्थानच्या खिडकीवर स्वतः विचारा. घरातल्या सगळ्यांची आधार कार्डं जवळ ठेवा. म्हातारं माणूस असेल तर तळमजल्याची खोली मागा. स्टेशनाहून मंदिराकडे संस्थानची मोफत बसही असते.

गुरुवार आणि रविवार टाळा. माघ वद्य सप्तमीचा प्रगट दिन, रामनवमी, ऋषिपंचमीची पुण्यतिथी, या दिवसांत भक्तिभाव वेगळाच असतो, पण गुडघे दुखणाऱ्या माणसाला ती गर्दी झेपत नाही. समाधी भुयारात आहे, वर रामाचं मंदिर. पायऱ्या उतराव्या लागतात. रांगेत माय थकली तेव्हा पांढऱ्या कपड्यांतला एक सेवाधारी आला. "माउली, टेका थोडं," म्हणत त्याने तिला बसायला जागा करून दिली. रांग जमणारच नसेल तर मुखदर्शन घ्या, त्याला वेळ कमी लागतो. वैशाखात याल तर पहाटेच दर्शन उरका, वऱ्हाडचं ऊन अनवाणी पायांना सोसत नाही.

महाप्रसाद मात्र चुकवू नका. पोळी, भाजी, वरण-भात. फुकट, आणि ताट इतकं स्वच्छ की माय उलटसुलट करून बघत राहिली. इथे एक कळकळीने सांगतो. 23 फेब्रुवारी 1878 ला महाराज पहिल्यांदा दिसले ते देविदास पातुरकरांच्या घराबाहेर, उष्ट्या पत्रावळींतली शितं वेचून खाताना. त्याच गावात आमच्या शेजारच्या पंगतीत एका कुटुंबाने दोन-दोन पोळ्या तशाच टाकल्या. मला ते बघवलं नाही. वाढणारा पुन्हा येतोच, आधी अर्धी पोळी मागा. जेवण झाल्यावर प्रगटस्थळही बघून या, तिथे गर्दी फार नसते.

कचोरी स्टेशनावरही मिळते आणि गावातही. कढईतून निघतानाच घ्या. वरचा पापुद्रा बोटाने दाबला की मोडतो आणि आतलं तिखट सारण नाकाला झोंबतं. सोबत तळलेली हिरवी मिरची, दुसरं काही लागत नाही. घरी न्यायची तर गार होऊ द्या आणि कागदात बांधून घ्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत मऊ पडते.

खरेदी मंदिराच्या आसपास होते: पोथी, तसबीर, तुळशीची माळ. पोथी घेताना उघडून बघा. म्हाताऱ्या डोळ्यांना मोठ्या अक्षरांचीच हवी, आम्ही पहिली परत करून बदलून घेतली. चांदी घ्यायची असेल तर जवळचं खामगाव त्यासाठी नावाजलेलं आहे. तिथे वजन डोळ्यांसमोर करून पक्की पावती घ्या. संस्थानच्या आनंद सागर बागेत जायचं असेल तर किती भाग खुला आहे ते आधी भक्त निवासात विचारा.

मुक्काम केल्याने काकड आरती मिळाली. पहाटेच्या थंडीत माय दोन्ही हात जोडून "गण गण गणात बोते" म्हणत होती आणि तासभर गुडघ्याचं नावही काढलं नाही तिने. दुपारी पुन्हा पंगतीला बसलो, तेव्हा वाढणाऱ्याने पूर्ण पोळी घातली. तिला संपेना. उरलेली तिने पदरात बांधली आणि परतीच्या गाडीत, नागझरी गेल्यावर, मिरचीबरोबर खाल्ली.