पहिले पंधराशे किलोमीटर

नवी गाडी ताब्यात मिळाली तेव्हा मीटरवर ९ किलोमीटर होते. घरच्यांचा सल्ला एकच: हजार किलोमीटर होईपर्यंत चाळीसच्या वर जायचं नाही. मलाही ते पटलं होतं. पहिले चार दिवस मी चौथ्या गिअरमध्ये पस्तीस-चाळीसनं जात राहिले. सपाट रस्त्यावर ठीक चालायचं, पण जरा चढ लागला की गाडी थरथरायची, ओढेना व्हायची. मी ॲक्सिलरेटर आणखी दाबायचे, गिअर मात्र तोच. नवीन आहे, मोकळी व्हायला वेळ लागेल, असं मनाला सांगत होते.

पाचव्या दिवशी ओळखीचे एक मेकॅनिक शेजारी बसले होते. पहिल्याच चढावर म्हणाले, "ताई, गिअर खाली घ्या. गुदमरतंय ते इंजिन."

मग त्यांनी जे समजावलं ते मला आधी कुणीच सांगितलं नव्हतं. सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर कारखान्यात मुद्दाम बारीक तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेघा पाडतात. त्या रेघांत ऑइल टिकतं आणि त्यांच्या कडांवर घासून, आत वरखाली होणाऱ्या पिस्टनच्या रिंगा भिंतीशी जुळतात. रिंगांना भिंतीवर दाबून धरण्याचं बरंचसं काम जळणाऱ्या वायूचा दाब करतो. इंजिनावर कायम नावापुरताच भार ठेवला, तर रिंगा बसण्याआधीच भिंत चकचकीत होऊ शकते. मग ऑइल वर जाऊन जळत राहतं. दुसरीकडे पहिल्याच दिवशी ॲक्सिलरेटर तळाला लावला, तर न जुळलेले भाग तापतात आणि त्यांना ओरखडे पडतात. या दोन्हींच्या मधला रस्ता धरायचा.

त्या रात्री मी गाडीची पुस्तिका पहिल्यांदा नीट वाचली. आधीच वाचायला हवी होती, याची खूप चुटपुट लागली. त्यात वेगाची मर्यादा नव्हतीच, आरपीएमची, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांची होती. पहिल्या १००० किलोमीटरपर्यंत कमाल आरपीएमच्या दोन तृतीयांशाच्या आत राहायचं, म्हणजे माझ्या गाडीत साधारण ४०००. पुढचे ५०० किलोमीटर हळूहळू वाढवायचं.

तेव्हापासून मी आरपीएम दाखवणाऱ्या टॅकोमीटरकडे बघून चालवू लागले. इंजिन गरम होईपर्यंत अगदी सौम्यपणे, मग दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये दोन हजारांवरून साडेतीन हजारांपर्यंत बेतानं चढवायचं, ॲक्सिलरेटर सोडून गाडीला आपोआप मंदावू द्यायचं, पुन्हा चढवायचं. मोठ्या रस्त्यावर हे जड गेलं. तासभर एकाच वेगानं जाण्याचा मोह फार होतो, पण तेच टाळायचं असतं. वेग आपोआप एकसारखा ठेवणारा क्रूझ कंट्रोल मी पूर्ण बंद ठेवला आणि मुद्दाम वळणांचा, चढउतारांचा रस्ता निवडला.

ब्रेक आणि टायरही नवेच असतात, हे पटकन लक्षात येत नाही. नव्या पॅडची पकड पहिले दोन-तीनशे किलोमीटर पूर्ण नसते. एका सिग्नलला गाडी माझ्या अंदाजापेक्षा हातभर पुढे जाऊन थांबली, तेव्हा छातीत धस्स झालं. नंतर पुढच्या गाडीपासून अंतर वाढवलं आणि मोकळा रस्ता बघून मध्यम जोरानं, बेताबेतानं ब्रेक लावत गेले. कचकन दाबायची वेळ येऊ द्यायची नाही, एवढंच पाहिलं.

सगळ्यात घाबरवलं ते ऑइलनं. ८०० किलोमीटरला डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी काठी, पाहिली तर पातळी वरच्या खुणेवरून जवळपास मध्यावर आली होती. माझ्या त्या पहिल्या चार दिवसांनीच वाट लावली, असं वाटून झोप उडाली. रिंगा बसेपर्यंत थोडं ऑइल जास्त लागू शकतं, असं पुस्तिकेतही होतं आणि मेकॅनिकही तेच म्हणाले. तरी मी पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचं ऑइल घालून पातळी वर आणली, आणि दर शनिवारी सकाळी, थंड इंजिनावर, सपाट जागी तपासून वहीत लिहू लागले.

११०० ला थोडी उतरली. १३०० ला अगदी किंचित. १५०० ला आणि त्यानंतरच्या दोन्ही शनिवारी काठी पुसून पुन्हा बुडवून पाहिली. पातळी जागच्या जागी होती.