मालकीण दिसली पाहिजे : सात रविवारांची नोंद

जानेवारीत ठरवलं होतं, ठाण्यात घरातून किंवा छोट्या गाळ्यातून स्वतःचा धंदा चालवणाऱ्या बायकांचे फोटो काढायचे, त्यांच्या धंद्यासाठी वापरता येतील असे. पैसे घ्यायचे नाहीत. माझी नोकरी वाशीला, त्यामुळे हातात फक्त रविवार. आतापर्यंत सात रविवार झाले आणि चार जणींचे फोटो झाले. सामान जुनंच आहे : २४ मेगापिक्सेलचा क्रॉप सेन्सर (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) कॅमेरा, ३५ आणि ५० मिमीच्या प्राइम (झूम नसलेल्या) लेन्स, थर्माकोलचा एक मोठा तुकडा, एक काळा कार्डबोर्ड. फ्लॅश मुद्दामच नेत नाही. लोकांच्या स्वयंपाकघरात स्टँड उभा करायला जागा कुठे असते?

पहिले दोन रविवार नौपाड्यातल्या पोळीभाजीवाल्या काकूंकडे गेले. सर्वांत जास्त शिकले ते तिथेच, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते.

काकूंच्या ओट्याला लागून उत्तरेची खिडकी आहे. सकाळी आठला तिथून जो मऊ उजेड येतो तो विकत घेऊन मिळणार नाही. अडचण भिंतींची. पिवळा ऑइल पेंट. खिडकीचा उजेड भिंतीवर आपटून चेहऱ्याच्या सावलीच्या बाजूला पिवळा होऊन येतो, आणि वर ट्यूबलाइट चालू असेल तर तिसराच रंग मिसळतो. राखाडी ग्रे कार्ड धरून व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून कॅमेऱ्यात करायची रंगाची जुळवणी) लावला तरी एक गाल बरोबर आणि दुसरा काविळीसारखा. व्हाइट बॅलन्स पूर्ण फ्रेमला एकच लागतो, त्यामुळे दोन रंगांचे उजेड त्याने सुटत नाहीत. उपाय साधा निघाला : ट्यूबलाइट बंद, आणि भिंत व काकू यांच्या मध्ये, फ्रेमच्या जरा बाहेर, थर्माकोल उभा. सावली भरली आणि पिवळेपणाही गेला. ५० मिमीने मात्र तिथे जमलं नाही. क्रॉप सेन्सरवर ती ७५ मिमीसारखी वागते, म्हणजे सगळं जास्त जवळ येतं, आणि मागे सरकायला गॅलरीत जावं लागतं. ३५ मिमी लेन्स, ॲपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ २.८, शटर १/१६० सेकंद, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ८००. यावर सगळं काम झालं.

तांत्रिक बाजू जमली म्हणून मी खुशीत होते. पिठाने भरलेले हात, तव्यावर फुगलेली पोळी, कपाळावर घाम. मला हे फोटो फार आवडले होते. संध्याकाळी काकूंना दाखवले. त्यांनी एकेक करून सगळे पाहिले आणि फोन परत दिला.

"अगं, चांगलेच आहेत. पण हे बघून लोक म्हणतील, बाई दमलीय. बारा वर्षं धंदा करतेय मी, दोघी जणी हाताखाली आहेत. मला मालकीण दिसू दे ना!"

त्या रात्री मी सगळे फोटो पुन्हा उघडून बसले. एकाही फोटोत मालकीण नव्हती. राबणारी बाई होती, आणि राबणारी बाई सुंदर दिसते हे माझं मत होतं, त्यांचं नव्हे. धंद्याचा चेहरा त्यांचा, गिऱ्हाईक त्यांचं, मग तो चेहरा कसा दिसावा हे मी परस्पर कसं ठरवलं? आपण छंद म्हणून फोटो काढणारे 'नॅचरल' या शब्दाच्या फार प्रेमात असतो. इथून पुढे कॅमेरा बाहेर काढण्याआधी एकच विचारायचं ठरवलं : गिऱ्हाइकाने तुम्हाला कसं पाहावं?

पुढच्या रविवारी काकू इस्त्रीची इरकल नेसून, ओट्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. बाजूला स्टीलच्या डब्यांची चळत आणि हातात ऑर्डरची वही. सरळ कॅमेऱ्याकडे पाहत होत्या. कॅमेरा मी त्यांच्या डोळ्यांच्या पातळीपेक्षा किंचित खाली धरला होता. हनुवटी न उचलताही उभं राहणं भारदस्त दिसलं. पंधरा मिनिटांत काम झालं.

दुसरी शिकवण आकाराची. हे फोटो सर्वांत जास्त पाहिले जातात ते व्हॉट्सॲपच्या यादीत, नखाएवढ्या गोलात. चौकोनात बसवलेलं वर्तुळ चौकोनाचा साधारण २१ टक्के भाग कापून टाकतं, आणि कापले जातात ते कोपरे, जिथे मी हौसेने डबे मांडले होते. आता काढतानाच चौकोनी फ्रेम डोळ्यासमोर ठेवते, धंद्याची एकच वस्तू घेते आणि ती खांद्याला लागून. जागेवरच फोटो त्यांच्या फोनवर डीपी म्हणून लावून हातभर अंतरावरून पाहायचा. चेहरा ओळखू आला आणि 'ही काय करते' हे कळलं, तर पुढे जायचं.

जांभळी नाक्याजवळच्या ब्लाउज शिवणाऱ्या ताईंचा गाळा आठ बाय दहाचा, खिडकी नाहीच. डोक्यावर एलईडी ट्यूब. १/२५० सेकंद शटरवर काढलेल्या प्रत्येक फोटोत आडवे काळपट पट्टे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साध्या ट्यूबचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो, आणि वेगवान शटर त्यातला अर्धवट तुकडा पकडतं. १/१०० वर आल्याबरोबर पट्टे गेले. चष्म्यावरची चमक घालवायला चष्म्याच्या काड्या कानामागे जरा उचलायला सांगितल्या. काचा किंचित खाली झुकतात आणि ट्यूबचं प्रतिबिंब निघून जातं. ताईंना मशीनवर बसलेला फोटो नकोच होता. गळ्यात टेप आणि हातात कात्री घेऊन, कटिंगच्या टेबलामागे उभं राहायचं होतं. त्यांचंच बरोबर होतं. त्या गाळ्यात मशीनवर दुसऱ्या मुली बसतात, कापड बेतण्याचं काम मात्र ताई कुणाला देत नाहीत.

कळव्याच्या मसालेवाल्या काकूंकडे एप्रिलमध्ये गेले, डंकावर मसाला कांडून आणण्याच्या दिवसांत. लाल तिखटाची परात फोटोत सपाट, रंगवलेल्या पुठ्ठ्यासारखी आली. साध्या हिस्टोग्राममध्ये (फोटोतल्या उजेडाच्या आलेखात) काही चुकलेलं दिसत नव्हतं. लाल, हिरवा, निळा वेगवेगळे दाखवणारा आरजीबी हिस्टोग्राम उघडला तेव्हा लाल चॅनल उजव्या भिंतीला चिकटलेला दिसला, म्हणजे लाल रंग मर्यादेबाहेर गेला होता. एक्स्पोजर दोन तृतीयांश स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट) खाली आणलं आणि तिखटाचा दाणा दिसू लागला. हळद, कुंकू, लाल शालू यांनाही हेच लागू.

सर्वांत अवघड गेल्या त्या गोखले रोडवर जीएसटीची कामं करणाऱ्या ताई. दाखवायला वस्तूच नाही. मी हट्टाने त्यांना सकाळी सातला उपवन तलावावर नेलं. मागे येऊरचा डोंगर, पाण्यावरून येणारं ऊन. फोटो देखणे आले, पण नखाएवढ्या गोलात त्या सहलीला आलेल्या वाटत होत्या. पुढच्या रविवारी त्यांच्या ऑफिसात गेले. फायलींचं कपाट मागे आणि टेबलापलीकडे त्या. कॅमेरा समोरच्या खुर्चीत, म्हणजे गिऱ्हाईक जिथे बसतं तिथे. ती खुर्ची हीच खरी कॅमेऱ्याची जागा होती. गिऱ्हाईक त्यांना रोज तिथूनच पाहतं.

या फोटोंच्या मालकीहक्कांबद्दल दोन जणांनी विचारलं होतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, कुणी मोबदला देऊन आपल्या सांगण्यावरून फोटो काढून घेतला, तर वेगळा करार नसेल तेव्हा पहिला मालक तो काढून घेणारा. मी पैसे घेत नाही, त्यामुळे हक्क माझ्याकडे राहतो आणि तो त्यांच्या वापराच्या आड येऊ शकतो. म्हणून प्रत्येकीला लेखी मेसेज पाठवते : धंद्यासाठी कुठेही, कितीही काळ वापरा. आणि त्यांचा फोटो मी कुठे लावणार असेन तर आधी विचारते. फाइल पाठवताना डॉक्युमेंट म्हणूनच, नाहीतर व्हॉट्सॲप ती दाबून लहान करतं.

तो मेसेज वाचून पोळीभाजीवाल्या काकूंचा फोन आला. "कुठेही म्हणजे बोर्डावर पण ना?" त्यांना दारावर पाच फुटी फ्लेक्स लावायचा आहे. हिशोब केला : ६००० पिक्सेल, इंचाला १०० धरले तर ६० इंच, म्हणजे बरोबर पाच फूट. पण ती रुंदी आडव्या पूर्ण फ्रेमची, आणि माझा चांगला फोटो उभा. डीपीसाठी जवळून काढलेला, बाजूला नाव लिहायला जागाच नाही. त्यामुळे येत्या रविवारी पुन्हा त्याच खिडकीपाशी जाणार आहे, आडव्या फ्रेमसाठी. काकू डाव्या तिसऱ्या भागात उभ्या, उजवीकडे मोकळी जागा. इरकल तीच नेसा असं सांगितलंय. काकू म्हणाल्या, या वेळी हाताखालच्या दोघीही मागे उभ्या राहतील.