ट्रेडच्या दिवशी लावलेली धार

ऑन्टारिओ हॉकी लीगमधील एका संघाचा इक्विपमेंट मॅनेजर म्हणून मी काम करतो. गेल्या हंगामातील जानेवारीचा एक दिवस अजून माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून तो लिहून काढतो आहे. कॅनडातील आइस हॉकीच्या तीन प्रमुख ज्युनियर लीगपैकी ही एक. खेळाडू बहुतेक 16 ते 20 वर्षांचे असतात, प्रत्येक संघ सप्टेंबरच्या अखेरीपासून मार्चपर्यंत 68 साखळी सामने खेळतो, आणि सगळ्यांचे लक्ष मेमोरियल कपकडे, म्हणजे ज्युनियर हॉकीच्या 1919 पासून चालत आलेल्या अजिंक्यपदाच्या चषकाकडे लागलेले असते. बाहेरच्यांना एक गोष्ट सहसा ठाऊक नसते. एखाद्या मुलाला दुसऱ्या संघाला द्यायचे ठरले की ती बातमी पुष्कळदा त्याच्याआधी माझ्या खोलीत येते, कारण त्याचे सामान मला बांधायचे असते.

जानेवारीच्या दहा तारखेच्या आसपास ट्रेडची, म्हणजे संघांमधल्या खेळाडूंच्या देवाणघेवाणीची, मुदत संपते. चषक जिंकण्याची आशा असलेला संघ तयार खेळाडू उचलतो आणि बदल्यात पुढच्या वर्षांच्या ड्राफ्टमधले, म्हणजे संघांनी आळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या फेरीतले, आपले निवडीचे हक्क देऊन टाकतो. हा ड्राफ्ट साधारण 15 वर्षांच्या मुलांचा असल्यामुळे, चार वर्षांनंतरचा हक्क म्हणजे आज जेमतेम 11 वर्षांचे असलेले कोणी तरी पोर. सौदे करणाऱ्यांना यात काही वावगे वाटत नाही. मला मात्र दरवर्षी वाटते.

त्या सकाळी संघाचे सौदे ठरवणाऱ्या जनरल मॅनेजरांचा फोन आला की दुपारपर्यंत आमच्या एका बचावपटूची बॅग तयार ठेवावी आणि कोणाजवळ काही बोलू नये. मुलगा 17 वर्षांचा, बारावीत शिकणारा, आईवडिलांपासून दूर, इथल्या बिलेट कुटुंबात, म्हणजे खेळाडूला आपल्या घरी ठेवून घेणाऱ्या कुटुंबात राहणारा. मी त्याचे गुडघ्याखालचे पॅड शोधत असतानाच तो शाळेतून थेट आला आणि संध्याकाळच्या सामन्यासाठी धार लावून द्या, म्हणून त्याने स्केट माझ्यापुढे ठेवले.

स्केटचे पाते जेमतेम 3 मिलिमीटर जाडीचे असते आणि धार त्याच्या टोकाला नसते. पात्याच्या तळाला लांबीभर एक उथळ पन्हळ कोरलेली असते आणि तिच्या दोन्ही काठांवर खेळाडू बर्फ पकडतो. दगडाच्या चाकाला हिऱ्याच्या टोकाने जी गोलाई दिलेली असते, तीच या पन्हळीत उतरते. गोलाईची त्रिज्या अर्धा इंच ठेवली तर पन्हळ खोल होते, पकड वाढते आणि वेग किंचित कमी होतो. हा मुलगा अंगाने भरलेला असल्यामुळे त्याला पाच अष्टमांश इंच, म्हणजे थोडी उथळ पन्हळ मानवत असे. दोन्ही काठ एका पातळीत आहेत की नाही हे मी गेज लावून पाहतो, कारण केसभर फरक राहिला तरी वळताना एक पाय धरतो आणि दुसरा सुटतो. शेवटी बारीक दगडाने कडेची कूस काढतो. हे काम घाईने उरकणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांच्या खेळाडूंना बर्फावर कारण नसताना पडतानाही पाहिले आहे.

धार लावून होईपर्यंत तो माझ्याशेजारी उभा राहून रसायनशास्त्राच्या परीक्षेबद्दल बोलत होता. इथल्या शाळांचे पहिले सत्र जानेवारीच्या अखेरीस संपते, म्हणजे ट्रेडची मुदत आणि सत्रपरीक्षा यांच्यात तीन आठवड्यांचेही अंतर नसते. खेळलेल्या प्रत्येक हंगामामागे एका वर्षाच्या उच्च शिक्षणाचा खर्च देण्याची हमी लीग देते आणि तिचा रास्त अभिमानही बाळगते. मग ट्रेडची हीच तारीख इतकी वर्षे कोणाला का खटकली नाही, हे मला उलगडत नाही.

थोड्या वेळाने त्याला ऑफिसात बोलावले. परत आल्यावर त्याने एवढेच विचारले, “हेल्मेट इथेच ठेवायचं ना?” हेल्मेट, हातमोजे आणि पँट संघाच्या रंगाची असल्यामुळे इथेच राहतात, स्केट, खांद्याचे आणि पायांचे पॅड त्याच्याबरोबर जातात. मी त्याच्या स्केटची सगळी मापे कागदावर लिहिली आणि म्हटले, “तिथल्या इक्विपमेंट मॅनेजरला हे दे, म्हणजे पहिल्या दिवसापासून पायाखालचं बर्फ तुला तेच वाटेल.” त्याने कागद घडी करून परीक्षेच्या वहीत ठेवला.

जनरल मॅनेजर दुष्ट नाहीत. दोन्ही संघांनी लीगकडे सौदा पक्का करेपर्यंत बातमी फुटू नये, हे त्यांचे म्हणणे मला पटते. पण मग बॅगही तेवढा वेळ थांबू शकते. इतक्या तातडीचे कारण एकच होते, नव्या संघाला तो दुसऱ्याच दिवशी मैदानात हवा होता. ऑगस्ट 2025 पासून या लीगमध्ये खेळलेल्या मुलांना अमेरिकेतील महाविद्यालयीन हॉकीचे दार उघडले आहे; त्यामुळे चांगल्या खेळाडूंना जपावे लागेल, अशी चर्चा आता ऑफिसात ऐकू येते. जपायची पाळी स्पर्धा वाढल्यावर यावी, याचे मला वाईट वाटते.

हंगाम संपल्यावर मी त्यांच्याकडे एवढेच मागितले की यापुढे आधी मुलाला सांगावे आणि मगच मला फोन करावा. त्यांनी ऐकून घेतले, विचार करतो म्हणाले. पुढच्या मुदतीच्या आधी मी त्यांना पुन्हा विचारणार आहे.